घरातला माणूस बिथरला, तर आधी कोणाला बोलवायचे?

रात्रीचे साडेअकरा वाजले असतील. दवाखाना बंद करून मी नुकताच जेवून उठलो होतो. दारावर जोरात थाप पडली. महालातल्या एका जुन्या वाड्यात राहणाऱ्या बाई दारात उभ्या होत्या. त्यांच्या घरातल्या तीन पिढ्यांना मी औषध दिलेले आहे. पायात चप्पलही नव्हती.

"डॉक्टरसाहेब, चला ना जी लवकर. पोरगा कोणाचंच ऐकून नाही राहिला. आतून कडी लावून बसला अन् हातात विळा आहे त्याच्या."

याच बाई पंधरा दिवसांपूर्वी दवाखान्यात येऊन गेल्या होत्या. मुलाचे वय तेवीस. रात्र रात्र जागा राहतो, एकटाच पुटपुटतो, पंख्यात कोणीतरी यंत्र लपवले आहे म्हणतो, पोलीस मागावर आहेत म्हणून खिडक्या बंद करून बसतो, असे त्या सांगत होत्या. बाहेर गर्दी होती, तापाची साथ चालू होती. "त्याला घेऊन या, बघू," असे म्हणून मी झोपेच्या चार गोळ्या लिहून दिल्या. मुलाला न पाहता. आपण आजारी आहोत हेच ज्याला पटत नाही, तो आईचा हात धरून दवाखान्यात येईल कसा, हा विचार त्या दिवशी माझ्या डोक्यात आला नाही. ही माझी चूक आहे आणि ती मी मान्य करतो.

बॅग घेऊन वाड्यात पोहोचेपर्यंत दहाएक मिनिटे गेली. तेवढ्यात शेजारच्या कोणीतरी पोलिसांना फोन केला होता व जीप आलीही होती. दोन शिपाई होते. त्यांनी आरडाओरडा केला नाही, शिवी दिली नाही, काठी उगारली नाही. एकाने फक्त दार वाजवून सांगितले, "पोलीस आहोत, दार उघड." मुलाने मागच्या गॅलरीतून खाली अंगणात उडी मारली. उजव्या पायाचे हाड मोडले. विळा वरच राहिला होता, नशीब.

तीन-चार महिन्यांनी, औषधे लागू पडल्यावर, तो माझ्याकडे येऊन बसला. म्हणाला, "काका, महिनाभर मला वाटत होतं की पोलीस मला न्यायला येणार. आई म्हणे, हा भास आहे. त्या रात्री फटीतून पाहिलं तर खरंच पोलीस."

वाचकहो, या एका वाक्यात आजच्या लेखाचा विषय आला. ज्या रुग्णाला मुळातच संशयाने घेरले आहे, त्याच्यापुढे गणवेश उभा करणे म्हणजे त्याच्या भ्रमावर सरकारी शिक्का मारणे होय. पोलिसांचा यात दोष नाही. त्यांना कोणी बोलावले म्हणून ते आले. हार्ट अटॅक आला तर ॲम्ब्युलन्स, आग लागली तर बंब, साप निघाला तर सर्पमित्र, हे आपल्याला पाठ आहे. मन बिघडले तर मात्र पोलीस, मांत्रिक नाहीतर दोरखंड, एवढेच तीन मार्ग आपल्याला सुचतात.

ही सवय जुनी आहे. आपल्या नागपुरात मनोरुग्णालय सुरू झाले १८६४ साली. आजही ऑटोवाल्याला "पागलखाना चौक" म्हटले की तो बरोबर आणून सोडतो. प्रादेशिक मनोरुग्णालय म्हटले तर जरा विचार करतो. या संस्थेच्या इतिहासातले सर्वांत प्रसिद्ध नाव ताजुद्दीन बाबांचे. १८९२ साली कामठी छावणीच्या इंग्रज अधिकाऱ्यांना त्यांचे वागणे खटकले आणि त्यांची रवानगी पागलखान्यात झाली. तेथे ते सुमारे सोळा वर्षे होते. १९०८ साली राजे रघुजीराव भोसले यांनी त्यांना सोडवून आणले. दरम्यान त्यांच्या दर्शनासाठी पागलखान्याच्या दाराशी लोकांची रीघ लागत असे. ज्यांना लोक अवलिया मानत होते, त्यांना सरकारदरबारी वेडे ठरवले गेले. भक्तांचे म्हणणे काय, सरकारचे काय, त्या वादात मी पडत नाही. पण माणूस वेडा की शहाणा, याचा पहिला निवाडा त्या काळी सत्तेच्या माणसाकडे असे, हे त्यातून दिसते.

पुढे १९१२ चा कायदा आला. रस्त्यावर भटकणाऱ्या किंवा धोकादायक वाटणाऱ्या वेड्याला पोलिसांनी पकडावे व मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे, असा त्याचा रोख होता. तो कायदा थोडाथोडका नव्हे, ऐंशी वर्षे चालला. १९८७ साली नवा कायदा संमत झाला व १९९३ साली लागू झाला, पण त्यातही पोलिसांनी ताब्यात घेतलेल्या रुग्णाला २४ तासांच्या आत न्यायचे ते मॅजिस्ट्रेटकडेच. त्याच १९९३ साली शीला बारसे यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, गुन्हा नसलेल्या मनोरुग्णाला तुरुंगात ठेवणे बेकायदा व घटनाबाह्य आहे. म्हणजे तोवर ठेवत होते!

खरा बदल झाला तो २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने. तो २०१८ पासून लागू आहे. त्यातले कलम १०० प्रत्येकाने समजून घ्यावे असे आहे. एखादा माणूस मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ शकत नाही आणि भटकतो आहे, किंवा त्याच्यापासून त्याला स्वतःला वा इतरांना धोका आहे, असे वाटल्यास ठाणेदाराने त्याला संरक्षणात घ्यायचे आहे. शब्द "संरक्षण" आहे, "अटक" नव्हे. का नेत आहोत ते त्याला किंवा त्याच्या माणसांना सांगायचे. शक्य तितक्या लवकर, फार तर २४ तासांत, जवळच्या सरकारी दवाखान्यात पोहोचवायचे. आणि कोठडीत किंवा तुरुंगात कोणत्याही परिस्थितीत ठेवायचे नाही. माणूस बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून त्याच्या घरच्यांचा शोध घेण्याची जबाबदारीही पोलिसांचीच. २४ तास तेच राहिले, पण गाडीचे तोंड कोर्टाकडून दवाखान्याकडे वळले.

याच कायद्याचे कलम ११५ असे की, आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असे गृहीत धरावे. त्याच्यावर खटला नको, उपचार हवेत. पूर्वी भारतीय दंड विधानाचे कलम ३०९ होते. विष घेतलेल्या शेतकऱ्याला घेऊन नातेवाईक दवाखान्यात येत, तेव्हा "चुकून प्यायला" असे डॉक्टरला सांगत, कारण केसची भीती. काय प्याला, किती प्याला, केव्हा प्याला, हे लपवण्यात उपचाराचा मोलाचा वेळ जाई. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम राहिलेले नाही. सरकारी नोकराला कर्तव्यापासून अडवण्यासाठी किंवा भाग पाडण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा आहे. तेव्हा आता डॉक्टरपासून काही लपवू नका. डबा किंवा बाटली सोबत आणा.

कायदा बदलला हे चांगले झाले. पण रुग्णाच्या दारात उभे राहायचे कोणी? ते काम अजून खाकीकडेच आहे. माझ्या ओळखीचा एक हवालदार एकदा सहज म्हणाला, "साहेब, चोर कसा धरायचा ते आम्हाले शिकवलं. याले कसं धरायचं?" प्रश्न अगदी रास्त आहे. धरायचे नसतेच, हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते.

आणि हा केवळ गोड बोलण्याचा प्रश्न नाही. बिथरलेला प्रत्येक माणूस मनोरुग्ण नसतो, हे मला आज ठासून सांगायचे आहे. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात, ऐन दुपारी, कॉटन मार्केटजवळ एक हमाल रस्त्यात अंगावरचे कपडे ओढत, असंबद्ध बडबडत होता. लोक म्हणाले, प्यायला आहे. दोघांनी त्याला धरून सावलीत ढकलले. "उतरेल तेव्हा उतरेल," म्हणाले. माझ्यासोबत दवाखान्यातल्या सिस्टर होत्या. त्यांनी कपाळाला हात लावला, तर अंग तव्यासारखे तापलेले आणि घामाचा टिपूस नाही. तो उष्माघात होता. अंगावर पाणी ओतत, ओल्या कपड्याने वारा घालत त्याला ‘मेयो’त नेले. तासभर सावलीत "उतरत" पडू दिले असते तर वाचला नसता.

मधुमेहाच्या रुग्णाची साखर एकदम उतरली की तो असाच वागतो. चिडतो, हात झटकतो, ओळखत नाही. रोज पिणाऱ्याने दारू अचानक सोडली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, भिंतीवर किडे दिसतात, तो घाबरून पळू लागतो. हा प्रकार जिवावर बेततो. गडचिरोलीकडून आलेल्या माणसाला ताप असेल आणि तो बरळत असेल तर मेंदूचा मलेरिया आधी डोळ्यांपुढे आला पाहिजे. म्हाताऱ्या माणसाला साधा लघवीचा जंतुसंसर्ग झाला तरी त्याला रात्री भास होतात. यातले काहीच काठीने किंवा दरडावून कळत नाही. थर्मामीटर, साखर तपासायची पट्टी, नाडीवर बोट आणि चार नेमके प्रश्न, एवढ्याने पुष्कळदा कळते. म्हणून दारात आधी पोहोचायला हवा तो आरोग्याचा माणूस.

परदेशात हे करून पाहिलेले आहे. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात युजीन नावाचे शहर आहे. तेथे १९८९ साली एका दवाखान्याने ‘कहूट्स’ नावाचे पथक सुरू केले. एका व्हॅनमध्ये एक परिचारिका किंवा प्राथमिक उपचार जाणणारा, आणि सोबत मानसिक संकटात बोलण्याचे शिक्षण घेतलेला एक कार्यकर्ता. बंदूक नाही, बिल्ला नाही. शहराच्या फोनवर कॉल आला की तो पोलिसांचा आहे की या पथकाचा, हे तेथेच ठरे. पोलिसांना मदतीला बोलवायची वेळ फार थोड्या वेळा येई. छत्तीस वर्षे ते चालले आणि एप्रिल २०२५ मध्ये पैशाअभावी युजीनमधले काम बंद पडले. तेव्हा तिकडे सारे आलबेल आहे, असेही समजू नका. स्वीडनच्या स्टॉकहोममध्ये २०१५ साली खास मानसिक संकटासाठी ॲम्ब्युलन्स सुरू झाली. त्यात मनोविकाराचे शिक्षण घेतलेल्या परिचारिका असतात. आतली रचनाही आडवे झोपवून बांधण्यासाठी नाही, समोरासमोर बसून बोलण्यासाठी केलेली.

एवढ्या लांब कशाला, आपल्या महाराष्ट्रातच डॉ. भरत वाटवानी आणि त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता यांनी १९८८ पासून हे काम चालवले आहे. मुंबईत एका हॉटेलमध्ये बसले असता त्यांना रस्त्यापलीकडे एक तरुण करवंटीने गटारातले पाणी पिताना दिसला. त्यांनी पोलिसांना फोन केला नाही. स्वतः जाऊन त्याला दवाखान्यात आणले. बरा झाल्यावर कळले की तो आंध्रमधला, चांगला शिकलेला, प्रयोगशाळेतल्या तपासण्यांचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला मुलगा होता. त्यातून ‘श्रद्धा’ ही संस्था उभी राहिली. कर्जतला त्यांचे केंद्र आहे. रस्त्यावरच्या मनोरुग्णाला उचलायचे, महिना-दोन महिने औषध द्यायचे, त्याचे गाव विचारायचे आणि कार्यकर्ता सोबत देऊन त्याला घरी पोहोचवायचे. २०१८ साली डॉ. वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

एवढे मानसोपचारतज्ज्ञ आणायचे कोठून, असे कोणी विचारील. खरे आहे. आपल्या देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही पुरता येत नाही, आणि जे आहेत ते शहरात. पण गाडीवर मानसोपचारतज्ज्ञच हवा असे कोठे आहे? आपल्या विदर्भातला दाखला घ्या. अमरावती जिल्ह्यातल्या ३० खेड्यांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम झाला. गावातल्याच माणसांना उदासीनतेचा आजार ओळखायला आणि धीर देऊन बोलायला शिकवले. सुरुवातीला अशा रुग्णांपैकी जेमतेम ४.३ टक्के लोक कोणाकडे तरी मदत मागत होते. अठरा महिन्यांनी हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेले. हा अहवाल २०१७ साली ‘लॅन्सेट सायकियाट्री’ या नियतकालिकात छापून आला. गावकरी हे शिकू शकतात, तर सिस्टर आणि ब्रदर का नाही शिकणार?

शिवाय गाडी आपल्याकडे आहेच. २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ ची ॲम्ब्युलन्स धावते आणि तिच्यात डॉक्टर असतो. फुकट. अपघात, बाळंतपण, सर्पदंश, विषबाधा यासाठी लोक ती बोलावतात. त्याच डॉक्टरला भेदरलेल्या माणसाशी बोलायचे कसे, इंजेक्शन द्यायची वेळ कोणती, नातेवाइकांना कामाला लावायचे कसे, हे नीट शिकवले आणि नागपूरसारख्या शहरात एक-दोन गाड्या या कामासाठी राखल्या, तर फार मोठा खर्च येईल असे मला वाटत नाही. कायद्याची आडकाठीही नाही. कलम ९४ प्रमाणे जीव वाचवण्यासाठी किंवा गंभीर इजा टाळण्यासाठी कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, जवळच्या नातेवाइकाची संमती घेऊन, जागेवरच तातडीचा उपचार करू शकतो व रुग्णाला हलवू शकतो. मर्यादा ७२ तासांची. हातात शस्त्र असेल तेथे पोलीस लागतील, हे मी नाकारत नाही. पण त्यांनी कोपऱ्यावर उभे राहावे, दारात डॉक्टर असावा.

आता त्या मुलाचे पुढे काय झाले ते सांगतो. दोन वर्षे ठीक चालले. नोकरी लागली, गोळ्या नियमित होत्या. मग "मी बरा झालो" म्हणून त्याने गोळ्या सोडल्या. महिन्याभरात झोप उडाली. या वेळी आई आल्या तेव्हा मी गोळ्या लिहिल्या नाहीत. संध्याकाळी दवाखाना एक तास उशिरा उघडेन अशी पाटी लावली आणि सिस्टरना घेऊन वाड्यात गेलो. बॅग पिशवीत लपवली होती. शेजाऱ्यांना आत पाठवले, टीव्ही बंद केला. ओट्यावर बसलो. तो उंबरठ्याच्या आत उभा होता. दार मोकळे ठेवले, त्याच्या वाटेत कोणी उभे राहिले नाही. तो म्हणाला, पंख्यात यंत्र आहे. मी "आहे" म्हटले नाही आणि "नाही"ही म्हटले नाही. "किती दिवस झाले झोपून?" असे विचारले. त्यावर तो रडायला लागला. सिस्टरनी चहा मागवला. दीड तास गेला त्यात. शेवटी तो स्वतःच्या पायाने ऑटोत बसला व आम्ही ‘मेडिकल’ला गेलो. वाटेत दोनदा त्याने मागे वळून पाहिले, जीप येते का म्हणून.

दीड तास प्रत्येक डॉक्टरला मिळणार नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून घरच्यांनी करायच्या चार गोष्टी सांगतो. गर्दी हटवा, एकाच माणसाने, ज्याच्यावर रुग्णाचा विश्वास आहे त्यानेच, हळू आवाजात बोलावे. भ्रमावर वाद घालू नका, हसू तर मुळीच नका. विळा, कुऱ्हाड, रॉकेल आणि शेतातली फवारणीची औषधे आधी घराबाहेर न्या. विदर्भात हे शेवटचे सर्वांत महत्त्वाचे. दोरीने बांधू नका, मिरचीचा धूर देऊ नका. अंगाला हात लावू देत असेल तर ताप पाहा. मधुमेह असेल आणि नीट गिळता येत असेल तर साखरेचे पाणी द्या. ग्लानीत असेल तर तोंडात काही घालू नका. शस्त्र उगारले असेल, आवरण्यापलीकडे गेले असेल, तर ११२ ला फोन करावाच लागेल. पण पहिले वाक्य हे असू द्या : "माणूस आजारी आहे, गुन्हेगार नाही; ॲम्ब्युलन्सही पाठवा." सायरन न वाजवता या, अशी विनंती करा. पोलिसांनी त्याला ठाण्यावर बसवून ठेवायचे म्हटले तर कलम १०० चे नाव घ्या आणि दवाखान्यातच न्यायला सांगा.

वेळ तितकी निकराची नसेल, नुसती झोप उडाली आहे, संशय वाढला आहे, जगण्यात राम नाही अशी भाषा येऊ लागली आहे, तर वाट पाहू नका. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही फोनसेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. क्रमांक १४४१६. पैसे लागत नाहीत, रात्री-बेरात्रीही चालते, मराठीत बोलता येते. घरी कोणी येत नाही, एवढी त्यात उणीव आहे. पण पलीकडचा माणूस ऐकून घेतो आणि पुढे कोठे जायचे ते सांगतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर गॅसच्या नंबराशेजारी हे दोन आकडे आजच लिहून ठेवा : १०८ आणि १४४१६. घरातल्या लेकरांनाही दाखवून ठेवा, कारण अशा रात्री मोठ्यांना आकडे आठवत नाहीत.